रोजगार जाणार किती, त्याला कॉलमच नाही

मी काही स्टार्टअपवाली नाही. कुडाळला माझं छोटं ऑफिस आहे, जीएसटी रिटर्न, उद्यम रजिस्ट्रेशन, बँकेचे प्रोजेक्ट रिपोर्ट, सीएकडे फाईल जायच्या आधीची सगळी हमाली, असलं काम. पण हल्ली माझ्याकडे एक वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलंय, ते म्हणजे स्टार्टअपच्या, म्हणजे नव्या धंद्यांच्या, स्पर्धेत उतरणारी पोरं. कोण आयटीआय केलेला, कोण पॉलिटेक्निकवाला, एखादा पुण्यात नोकरी करून लॉकडाऊनमध्ये घरी आला आणि मग इथेच राहिला. ताई, पीपीटी झालीय, फक्त शेवटच्या स्लाईडी पैशांच्या आहेत त्या तेवढ्या करून द्या ना. त्या पैशांच्या स्लाईडी करता करता मला क्लीनटेक (कमी प्रदूषणाचं तंत्रज्ञान), पायलट (आधीची छोटी चाचणी), स्केल (धंदा मोठा करणं) हे सगळे शब्द पाठ झाले आणि त्याच स्लाईडींवरून माझं या स्पर्धांशी थोडं वाजलं पण, म्हणून हे लिहितेय.

स्पर्धा साधारण अशी असते. आधी ऑनलाईन फॉर्म, मग जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या कॉलेजच्या हॉलमध्ये पाच मिनिटांचं सादरीकरण, समोर परीक्षक, त्यातला एक हमखास मुंबईचा गुंतवणूकदार, एक बँकेचा, एक प्राचार्य. मग थर्माकोलचा मोठ्ठा चेक आणि फोटो. २०२२ मध्ये राज्याच्या कौशल्य विभागाने महाराष्ट्र स्टार्टअप यात्रा काढली होती, व्हॅन तालुक्यातालुक्यात फिरली, जिल्ह्याला पहिलं बक्षीस २५ हजार, दुसरं १५, तिसरं १०. मला ती यात्रा आवडली होती खरं सांगायचं तर, कारण नाहीतर नेहमी आपणच फाईल काखेत मारून जिल्ह्याच्या मुख्यालयी ओरोसला जायचं असतं, इथे कोणीतरी विचारायला आपल्या दारात आलं. पण २५ हजारात होतं काय? ड्रायरला लागणारे स्टीलचे ट्रे पण धड येत नाहीत.

याच्या वरच्या पायरीला पैसे आहेत, नाही असं नाही. केंद्राच्या निधी प्रयासमध्ये नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात, स्टार्टअप इंडियाच्या सीड फंडात २० लाखांपर्यंत अनुदान आहे. फक्त ते मिळतं इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या धंद्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेमार्फत, आणि आमच्या पोरांना वाटतं की इन्क्युबेटर म्हटलं की पुणं-मुंबईच. तिथे रूम भाड्याने घेऊन राहायचं आणि इथल्या काजूच्या भट्टीवर संशोधन करायचं, कसं काय जमणार कोण जाणे.

जागतिक पातळीवर पण हे स्पर्धा प्रकरण जुनं आहे. संयुक्त राष्ट्रांची युनिडो म्हणून औद्योगिक विकासाची संस्था आहे, तिने जागतिक पर्यावरण निधीच्या पैशातून एक क्लीनटेक कार्यक्रम सुरू केला, २०११ ला दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या हवामान परिषदेच्या निमित्ताने त्याची चाचणी झाली आणि २०१३ ला आपल्या लघुउद्योग मंत्रालयासोबत भारतात आला. ऊर्जा बचत, अक्षय ऊर्जा, कचऱ्यापासून ऊर्जा, पाण्याची बचत, असे त्याचे गट होते. त्यात मला पटलेली गोष्ट ही की बक्षीस हा शेवटचा भाग, त्याच्या आधी कित्येक महिने मार्गदर्शक तुमच्या डोक्यावर बसून गिऱ्हाईक कोण, पैसे कोण देणार, हे विचारत राहतो. आपल्याकडच्या जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांनी त्यातला फोटो आणि चेक उचलला, ते महिने काही उचलले नाहीत.

आता कोकणातली गंमत सांगते. स्पर्धांचे निकाल बऱ्याचदा मार्चच्या शेवटाला लागतात, का ते सरकारी कामाशी ज्याचा संबंध आलाय त्याला सांगायला नको, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. आणि आमचं सगळं जग फेब्रुवारी ते मे या महिन्यांत घडतं. काजू बी फेब्रुवारीपासून यायला लागते, हापूस मार्च-एप्रिल, रातांबे (कोकमाची फळं) एप्रिल-मे, करवंदं-जांभळं मे, आणि जूनला पाऊस धाडकन. म्हणजे एखाद्याने आमसुलासाठी ड्रायर बनवला, मार्चअखेर बक्षीस जाहीर झालं, पैसे खात्यात यायला जून उजाडला, तर रातांबे संपले. चाचणी पुढच्या वर्षी. तोपर्यंत तो पोरगा कुठल्यातरी कंपनीत लागलेला असतो. आमच्या बाजूच्या एका स्पर्धेत (नाव घेत नाही) विजेत्याला पैसे मिळाले तेव्हा पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचे बॅनर लागले होते. हीच स्पर्धा गणपती झाल्यावर घ्या, दिवाळीच्या आत निकाल द्या, मग हंगामात माल हातात असताना मशीन चालवून बघता येईल, एवढी साधी गोष्ट आहे ही आणि तिला एक रुपया जास्तीचा लागत नाही.

आमसुलाचंच घ्या. परीक्षकांना वाटतं सोलर ड्रायर म्हटलं की काम झालं. आमसूल म्हणजे रातांब्याची सालं नुसती वाळवायची नसतात, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, परत घालायची, असं चार-पाच वेळा, तेव्हा तो काळा मऊ रंग आणि आंबटपणा येतो. मध्येच मेच्या शेवटाला आभाळ आलं की तीन दिवसांत बुरशी. आणि नेमकं आभाळ असतं तेव्हाच सोलर ड्रायर झोपतो. म्हणजे ज्या दिवशी गरज त्या दिवशी तो नाही. मग त्याला खालून दुसरी कसलीतरी उष्णता द्यायला लागते, लाकूड नाहीतर गॅस नाहीतर लाईट, आणि लाईटचा मेमध्ये भरवसा किती ते आपल्याला माहीत आहे, तौक्ते वादळाच्या वेळी कित्येक गावं किती दिवस अंधारात होती ते अजून लोक विसरले नाहीयेत. त्यात खारा वारा. किनाऱ्यालगत दोन पावसाळे गेले की साध्या लोखंडाच्या स्ट्रक्चरला गंज चढतो, मंगलोरी कौलांवर पॅनल बसवायचे तर वासे तपासावे लागतात, वानर वरून उड्या मारतात ते वेगळंच. हे सगळं पाच मिनिटांत सांगायचं कसं? पोरं सांगतच नाहीत मग. हिरवी पानं आणि सूर्य असलेली स्लाईड टाकतात.

आणि मग तो प्रश्न येतो. मार्केट साईज काय? एक पोरगा बिचारा खरं बोलला, म्हणाला सर, वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ, मालवण इथले काजू कारखाने. परीक्षक हसले. दुसऱ्याने सांगितलं भारताचा काजू उद्योग, आफ्रिका, व्हिएतनाम, इतके हजार कोटी. त्याला बक्षीस. मी मागच्या रांगेत बसून बघत होते आणि माझ्या डोक्यात आलं की पहिल्याला आत्ताच्या आत्ता गिऱ्हाईक मिळेल आणि दुसऱ्याला टाळ्या, पण परीक्षकांना उलटं वाटत होतं.

त्या पहिल्या पोराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळा मुद्दा त्याच्यातच आहे. त्याचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, वडिलांनी ग्रील-गेट करत उभं केलेलं. त्याची कल्पना काजूच्या टरफलाबद्दल. काजूगर खाणाऱ्याला माहीत नसतं पण १०० किलो बी फोडली की साधारण ७० किलो टरफल निघतं. त्या टरफलात तेल असतं, काळं, चिकट, बिब्ब्यासारखं कातडी जाळणारं. तेल गाळून काढलं तर त्याला किंमत आहे, गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जातं, रंगात जातं, रेझिनमध्ये जातं. पण छोट्या कारखान्यात टरफल तसंच बॉयलरखाली घालतात आणि मग जो धूर निघतो तो डोळ्यांत झोंबणारा, घशात बसणारा, आजूबाजूच्या घरांतल्या दोरीवरच्या कपड्यांना पण तो वास लागतो. ह्याचं म्हणणं असं की टरफलाचं तेल आधी काढून घ्यायचं, उरलेली पेंड जळताना धूर कमी करते, ती त्याने बनवलेल्या बर्नरमध्ये जाळायची, ब्लोअरने हवा द्यायची आणि त्याच उष्णतेवर ड्रायर चालवायचा. लाकूड जवळजवळ बंद. काही जगावेगळं नाही यात, पण आमच्या भागातल्या छोट्या युनिटच्या मापाचं आहे, आणि बिघडलं तर हा स्वतः बाईकवर येतो.

त्याच्या पैशांच्या स्लाईडी करायच्या म्हणून मी त्याच्याबरोबर एका कारखान्यात गेले होते. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड. बाहेर खळ्यात बी वाळत घातलेली, आत एका बाजूला बॉयलर, उकडलेली बी रात्रभर गार करून ठेवलेली, आणि रांगेने बायका कटिंगला. हाताने बी पकडायची, पायाने पॅडल दाबायचं, कट, टरफल एका बाजूला, सुईने गर काढायचा, परत बी. बोलत बोलत चाललेलं असतं आणि हात थांबत नाही. हाताला खोबरेल लावतात तरी बोटं काळी पडतात, काहींची सालं निघालेली. ग्लोव्हज दिले होते शेठने, पण मजुरी किलोवर, ग्लोव्हज घातले की हात मंदावतो, म्हणून ते खिळ्याला टांगलेले. पुढच्या खोलीत ड्रायर, तिथे गर वाळतो, मग सोलणं, मग ग्रेडिंग, अख्ख्या गराच्या प्रती डब्ल्यू १८०, २४०, ३२०, मग पाकळी, तुकडा, कणी. अख्ख्या गराचा भाव आणि पाकळीचा भाव यात फरक किती पडतो ते शेठला विचारा, तो झोपेत पण सांगेल. ड्रायरमध्ये एका कोपऱ्यात जास्त तापलं की गर ठिसूळ होतो आणि सोलताना फुटतो. म्हणजे बघा, शेठ हा बर्नर घेईल तो धुरासाठी घेणार नाही, तो अख्खा गर जास्त निघावा म्हणून घेईल. मी स्लाईडीत तेच वर टाकलं आणि कार्बनचा हिशोब खाली. परीक्षकांना कार्बन वर हवा होता.

ट्रेची गोष्ट पण सांगते. त्याने पहिला ड्रायर बनवला त्यात दहा थर होते, ड्रॉईंगमध्ये मस्त दिसत होतं. सोलणाऱ्या बायांपैकी एकीने नुसतं बघितलं आणि म्हणाली, रे, वरचो ट्रे कोण काढतलो, तू येतलंस रोज? मग त्याने थर कमी केले, ट्रेची रुंदी इतकी ठेवली की दोघींना धरून उचलता येईल, आणि बाजूला एक पायरी जोडली. असा बदल कुठल्या मेंटॉरने सुचवला नसता.

त्याच दिवशी तिथे दुसरी एक गोष्ट झाली. शेठकडे कोणीतरी ऑटोमॅटिक कटिंग मशीनचं ब्रोशर ठेवून गेला होता, तो व्हिडिओ शेठ मोबाईलवर बघत होता, बाया पण मागून बघत होत्या. एका काकींनी विचारलं, ह्या मशीन किती जणींचा काम करता? शेठ म्हणाला, दहा-बारा जणींचा असात. काकी म्हणाल्या, मगे दहा जणी खय जातल्यो? शेठने मोबाईल खिशात घातला. कोणी काही बोललं नाही आणि दोन मिनिटांनी परत पॅडलचे आवाज सुरू झाले.

पुढच्या एका स्पर्धेत अशाच ऑटोमॅटिक लाईनला क्लीनटेक गटात पहिला नंबर मिळाला. किलोमागे वीज कमी लागते, जागा कमी लागते, बायांचे हात तेलाने जळत नाहीत. तिन्ही गोष्टी मान्य आहेत मला. हात जळणं ही काही जपून ठेवायची परंपरा नव्हे, उद्या ते काम बंद झालं तर कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, अपेक्षित रोजगार निर्मिती. त्यात त्यांनी लिहिलं होतं ऑपरेटर २, मेंटेनन्स १. म्हणजे तीन रोजगार निर्माण झाले. मी चहाच्या वेळी आयोजकांपैकी एका साहेबांना गाठलं आणि म्हटलं, सर, यात जाणारे किती ते कुठे लिहायचं? ते म्हणाले, मॅडम, रोजगार निर्माण किती होणार एवढाच कॉलम आहे, जाणार किती त्याला कॉलम नाही. अगदी सरळपणे म्हणाले, खवचटपणा नव्हता त्यात. खरंच नाही कॉलम.

जस्ट ट्रान्झिशन, न्याय्य संक्रमण, म्हणजे धुराचे जुने धंदे बदलताना त्यातल्या कामगाराला वाऱ्यावर न सोडणं, वगैरे जे जगभर चाललंय ते एवढ्याच कॉलमबद्दल आहे असं मला वाटतं. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात कामगारांचा उल्लेख आहे. युरोपियन युनियनने २०२१ ते २०२७ साठी वेगळा निधी काढला, २०१८ च्या किमतीने १७.५ अब्ज युरो, त्यातला सगळ्यात मोठा वाटा पोलंडला, कारण तिकडच्या कोळसा खाणीतली माणसं. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नावाचं जुनं कोळशाचं वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ ला बंद केलं, तिथे सौर, पवन, ट्रेनिंग सेंटर असं ठरलं, जागतिक बँकेचे पैसे पण होते, आणि नंतर तिकडच्याच हवामान आयोगाने सांगितलं की बंद करण्याआधी गावातल्या लोकांची पुरेशी तयारी केली नव्हती. आपल्याकडे झारखंडने २०२२ मध्ये यासाठी टास्क फोर्स नेमला. या सगळ्यात नव्या धंद्यांसाठी स्पर्धा, अनुदान, इन्क्युबेटर हे हत्यार म्हणून वापरतात, म्हणजे जुनं काम जिथून जाणार तिथेच नवं उभं राहावं. तिकडे स्पर्धेचा हेतूच तो, आपल्याकडे स्पर्धा आली आणि हेतू वाटेत कुठेतरी राहिला.

कोणी म्हणेल कोकणात कुठे कोळशाच्या खाणी आहेत. खाणी नाहीत, पण कोकणी माणसाला हे शिकवायला पोलंडहून कोणी यायला नको. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, त्यातले कितीतरी आपले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घराघरात मनीऑर्डर यायची ती थांबली. माझे आजोबा त्यातलेच, परत आले ते कायमचे, आणि पुढे घर आजीने मोलमजुरीवर काढलं. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल झाले, शहराने धंदा बदलला, बदलणाऱ्यांचं चांगलंच झालं. कामगाराच्या वाट्याला म्हाडाच्या लॉटरीचा अर्ज आला, तो पण जवळजवळ तीस वर्षांनी. मग गुहागरचं एन्रॉन. तो दाभोळ वीज प्रकल्प १९९९ ला चालू झाला, २००१ ला बंद, २००५ ला सरकारी कंपन्यांनी नव्या कंपनीच्या नावाखाली ताब्यात घेतला. मधल्या वर्षांत ज्यांनी कर्ज काढून गाड्या कंपनीला लावल्या होत्या, खोल्या बांधल्या होत्या, त्यांचे हप्ते काही थांबले नाहीत. म्हणून मग इथे कुठलाही प्रकल्प म्हटलं, नाणारची रिफायनरी म्हणा, बारसूची म्हणा, की लोक आधी जमिनीला आणि मग आश्वासनाला हात लावून बघतात. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं ही माणसं विकासाच्या विरोधात. अहो, अनुभव आहे हा.

उलट एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झालं, डिझेलचा धूर गेला, या किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा क्लीनटेक बदल म्हणायला हवा आणि त्याला ना पीपीटी लागली ना थर्माकोलचा चेक. सरकारने ठरवलं, ऑर्डर दिल्या, झालं.

ऑर्डर. मला वाटतं खरी मेख तिथे आहे. केरळात वैकम ते तवणक्कडवू या फेरीवर जानेवारी २०१७ पासून आदित्य नावाची सोलर बोट चालते, ७५ माणसांची, भारतातली पहिली सोलर फेरी. नवाल्ट या कोचीच्या कंपनीने बनवली. ती का उभी राहिली, तर केरळच्या राज्य जलवाहतूक खात्याने ती विकत घेतली. खात्याची फेरी, खात्याचे कर्मचारी, फक्त डिझेलची बोट जाऊन सोलरची आली, चालवणारा घरी बसला नाही. आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं ते नंतर, २०२० ला. आपल्या राज्याकडे पण असा रस्ता आहे, स्टार्टअप वीक म्हणून २०१८ पासून करतात, सुरुवातीच्या वर्षांत त्यात निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी खात्यांकडून १५ लाखांपर्यंतची वर्क ऑर्डर मिळायची. ही कल्पना मला चेकपेक्षा शंभर पटीने शहाणी वाटते. ती जिल्ह्यापर्यंत उतरायला हवी, नगरपंचायत, जिल्हा परिषद, बंदर खातं यांनी म्हणायला हवं की आमचा हा प्रश्न, सोडवून दाखवा, आम्ही घेतो.

मालवणचंच बघा ना. जेटी ते सिंधुदुर्ग किल्ला, जवळचं अंतर, ठरलेला मार्ग, परत त्याच जेटीला, रात्री बोट उभीच, पावसाळ्यात तर फेऱ्या बंद. इलेक्ट्रिक बोटीसाठी याहून सोपी जागा अख्ख्या किनाऱ्यावर सापडायची नाही. खोल समुद्रात जाणाऱ्या मच्छीमाराला इलेक्ट्रिक इंजिन विकायला जाणारी पोरं बघितलीत मी, आणि तो त्यांना एकच विचारतो, वाऱ्यात चार्जिंग संपलं तर तू येणार का मला ओढायला, आणि बरोबरच आहे त्याचं. किल्ल्याच्या फेरीला तो प्रश्न नाही. पण तिथे दुसरा आहे, तो म्हणजे बोट कोणाची. आज ती होडीवाल्याची स्वतःची आहे, तिच्यावर घर चालतं. उद्या बाहेरची एखादी कंपनी दहा चकचकीत बोटी घेऊन आली आणि होडीवाल्याला पगारावर ठेवला, तर धूर गेला पण मालकी पण गेली. स्पर्धेच्या अटींमध्येच घाला की बोट आत्ताच्या होडीवाल्यांच्या संस्थेच्या नावावर राहील, कर्ज त्यांना द्या, बॅटरीची जबाबदारी कंपनीवर ठेवा. लिहायला एक परिच्छेद लागतो.

वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका कांदळवनाची सफर करवतात, वल्ह्यांवर. इंजिनच नाही. तिवरं टिकतात, पक्षी उडत नाहीत, पैसे बायकांच्या हातात येतात. त्यांनाही संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पाचा आणि वन खात्याच्या कांदळवन कक्षाचा हात लागला होता, पण काम उभं राहिलं ते त्यांच्या स्वतःच्या हिमतीवर. हे मी एकदा एका स्पर्धेवाल्यांना उदाहरण म्हणून सांगितलं तर म्हणाले, यात टेक्नॉलॉजी काय? बरं, नसेल.

आता एवढं बोलल्यावर मलाच कोणी विचारेल की त्या काकींच्या प्रश्नाचं उत्तर काय. एका स्लाईडीत मावेल असं माझ्याकडे नाही, पण हिशोब मांडता येतो आणि हिशोब हे माझं कामच आहे. त्या कारखान्यात पेंडीचा बर्नर आला तर लाकूडवाल्या टेम्पोच्या फेऱ्या कमी होतील, बॉयलरवरच्या माणसाला नवीन काम शिकावं लागेल, टरफलाचं तेल काढायला नवीन हात लागतील, आणि अख्खा गर जास्त निघाला तर सोलणीचं काम कमी होणार नाही. कटिंग मशीन आलं तर मात्र दहा जणींचं काम जाईल, आणि त्यातल्या किती सोलणीला आणि ग्रेडिंगला घेता येतील, किती जणींचं वय त्यात बसतं, हंगामाच्या मधल्या महिन्यांत बोंडू, म्हणजे काजूचं फळ, त्यावर प्रक्रिया सुरू केली तर तिथे किती, हे आकडे मशीन घ्यायच्या आधी कागदावर मांडता येतात. बोंडू आपण शेतातच कुजवतो, शेजारी गोव्यात त्याच बोंडूच्या फेणीला (दारूच ती) २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, असो, तो वेगळाच विषय आहे, त्यावर लिहायला बसले तर रात्र पुरायची नाही. सांगायचं इतकंच की मशीनच्या सबसिडीच्या फाईलला एक पान जास्तीचं लावलं तर आकाश कोसळत नाही. आणि परीक्षकांत एक खुर्ची कटिंगवाल्या काकींना द्या. तिथे बसलेल्या कुठल्याही गुंतवणूकदारापेक्षा त्या मशीनला जास्त नेमके प्रश्न विचारतील, ट्रेच्या बाबतीत मी बघितलंय.

आत्ता त्या बर्नरवाल्या पोराचा परत एक फॉर्म भरतेय, या वेळची स्पर्धा जरा बरी वाटते, मुदत दिवाळीच्या आधीची आहे आणि जिंकणाऱ्याला दोन युनिटमध्ये मशीन लावून द्यायचं आहे. रोजगाराच्या रकान्यात मी निर्माण होणारे लिहिले आणि खाली इतर माहितीत, जिथे लोक सहसा निरंक लिहितात, तिथे जाणारे, बदलणारे आणि त्यांची सोय असं सगळं लिहून काढलं, लाकूडवाल्या टेम्पोसकट. तो वैतागला, म्हणाला, ताई, हे वाचून मार्क कमी देतील ना. मी म्हटलं देऊ देत, मी फीमध्ये सूट देते तुला. काकींच्या कारखान्याच्या शेठने ऑटोमॅटिक मशीनचं अजून काही ठरवलेलं नाही, बर्नर मात्र ट्रायलला ठेवून घेतलाय. काल फॉर्म सबमिट करायचा होता तर याचाच पत्ता नाही, फोन लावला तर कळलं ट्रायलच्या बर्नरचा ब्लोअर जळला, मोटर रिवाइंडिंगला टाकायला साहेब कोल्हापूरला गेलेत. ओटीपी त्याच्या मोबाईलवर येतो, आणि गगनबावड्याच्या घाटात त्याला रेंज नव्हती.